बाजारात बसलेला रुसवा

इवाई, तुमच्या दहाव्याला मी आष्टीला आलो, तेव्हा ओसरीवर जमलेले लोक तुमच्याबद्दल एवढं चांगलं बोलत होते की मला शंका आली, मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या दहाव्याला तर येऊन बसलो नाही ना. कुणी म्हणत होतं, शब्दाला पक्का माणूस. कुणी म्हणत होतं, जन्मात कुणाचं मन दुखवलं न्हाई. मी खांबाला टेकून मान डोलवत होतो. ज्या माणसानं माझी एकुलती लेक लग्नानंतर सणावाराला म्हणून एकदासुद्धा माहेरी धाडली नाही, त्याच्या चांगुलपणाला मान डोलवणं सोपं नसतं. पण सोंग मला बरं जमतं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

आता तुम्ही गेलात, तेव्हा भांडण सोडा, असं मला चारचौघांनी समजावून सांगितलं. मी का सोडू? अर्ध्या भांडणातून तुम्ही उठून गेलात. माझी बाजू अजून मांडायची राहिली आहे.

आपलं नातं काय? तुमचा मुलगा माझा जावई, माझी सारजा तुमची सून. कागदावर एवढंच. खरं नातं जुळलं ते हैदराबादच्या त्या छताच्या बाजारात, आणि मोडलं तेही तिथंच, एकाच दुपारी.

लग्नाचं कापड काय जालन्याला मिळत नव्हतं? अंबडला मिळत नव्हतं? पण सुपारी फुटायच्या आधीच तुम्ही मिशीला पीळ दिलात आणि म्हणालात, ‘‘बस्ता हैदराबादला बांधायचा. निजामाच्या राज्यात ऱ्हातो आन् त्याचं शहर बघितलं न्हाई, ह्याला काय अर्थ हाय?’’ मी लगेच म्हणालो, ‘‘चला की. तिथला बाजार मला बिलकुल पाठ हाय.’’ मी तोवर परभणीच्या पुढं गेलो नव्हतो. पण तुम्ही परतूरच्याही पुढं गेला नव्हतात, म्हणून ते खपलं.

गाडीत तुम्ही खिडकी धरलीत. प्रत्येक टेसनावर विचारायचात, ‘‘आलं का?’’ आणि मी मुरलेल्या प्रवाशासारखं सांगायचो, ‘‘हे न्हाई, म्होरलं.’’ मग माझ्या खांद्यावर डोकं टाकून तुम्ही झोपलात. तुमच्या फेट्याचा शेमला माझ्या नाकात जात होता. पोरांचं लग्न अजून लागायचं होतं, आपण अजून कुणाचे कुणी नव्हतो. तरी मी हललो नाही. शिंकही दाबून धरली. हे कुठं तरी लिहून ठेवायला पाहिजे होतं, म्हणून आता लिहितो.

तो बाजार आठवतो का? तोंडाशी ही मोठी कमान. आत दोन्ही अंगांनी दुकानं, मधून फरशीची वाट, आणि वर दगडचुन्याचं छत, आपल्याकडच्या कुठल्याही कडुलिंबापेक्षा उंच. छताला झरोके, झरोक्यांत पारवे. बाहेर ऊन पेटलेलं, आणि आत बारवेच्या खालच्या पायरीवर असतो तसला गारवा. अत्तराचा वास, कोऱ्या कापडाच्या खळीचा वास, आणि दोन्हीकडून, ‘‘आव साब, बैठो साब, देखने के पैसे नक्को!’’

तुम्ही कमानीशी थांबलात. वर बघितलंत. आणि वहाणा काढून ठेवल्यात.

‘‘का हो?’’ मी विचारलं.

‘‘पाव्हणं, एवढं उंच छत माणसासाठी कोण बांधतं? देवाची न्हाई तर पीराची जागा असंल. ह्या लोकांनी दुकानं मागून मांडली असतील.’’

‘‘बराबर,’’ मी म्हणालो, आणि माझ्या वहाणा घालूनच आत गेलो.

तुमच्या त्या करकरीत वहाणा पुन्हा कुणाला दिसल्या नाहीत. हैदराबादच्या कुठल्या तरी माणसाच्या पायात आष्टीच्या चांभाराचं नाव झालं असेल. तुम्ही मात्र दिवसभर अनवाणी, हात जोडल्यासारखे हिंडत होतात, आणि प्रत्येक झरोक्याखाली थांबून वर बघत होतात. मला हसू येत होतं. आता आठवतं तेव्हा हसू येत नाही, याचाही मला रागच येतो. एक चांगली गोष्ट तुम्ही नासवलीत.

एका पांढऱ्या दाढीच्या दुकानदारानं आपल्याला गादीवर बसवलं. तुमच्या घरच्या बायका, आमच्या घरच्या बायका, भावकीतल्या, करवल्या, सगळ्यांची लुगडी निघाली. भांडण नाही, रुसवा नाही. दोघंही एकमेकांना ‘‘तुमचं बराबर हाय’’ म्हणत होतो. एवढं गोड चाललं होतं की मला कंटाळा आला होता. मग म्हाताऱ्यानं सारजाचा शालू काढला. भिजल्या कडुलिंबासारखा गर्द हिरवा. जरीचे काठ असे की सगळं दुकान त्यांच्याकडं बघायला लागलं.

तुम्ही तो हातात घेतलात. ‘‘आत अंधार हाय. उन्हात बघून येतो.’’

म्हातारा गादीवरून अर्धा उठला. ‘‘नक्को साब! बाहर नक्को ले जाव. धूप में रंग का क्या भरोसा!’’

पण तुम्ही निघालातही. शालू खांद्यावर टाकून, फेटा सावरत, अनवाणी, कमानीबाहेर. मी मागं.

उन्हात तुम्ही शालूचा पदर डोळ्यांपुढं धरलात आणि तुमचा चेहरा उतरला.

‘‘काळा हाय हा.’’

‘‘हिरवा हाय.’’

‘‘नवरीच्या अंगावर काळं घालून धाडता माझ्या घरात? मी शेतकरी माणूस हाय, मला हिरवं कळत न्हाई?’’

‘‘काळी माती बी कळती ना तुम्हाला? म्हणून जिकडं तिकडं काळंच दिसून राह्यलं.’’

इथं थांबलो असतो तर मी कोण? मी कमानीच्या पायरीवर चढलो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक दिली, ‘‘भाईसाब, जरा देखो, ये हरा है के काला?’’ पानवाला म्हणाला, हरा. एक टांगेवाला म्हणाला, काला. पाण्याची मसक घेऊन चाललेला भिश्ती थांबला, डोकं वाकडं करून बघितलं, आणि म्हणाला, जामुनी. गर्दी जमली. प्रत्येकाचा वेगळा रंग. आणि मधोमध तुम्ही. खालची फरशी तापलेली, पाय भाजत होते, म्हणून एकदा हा पाय उचलायचात, एकदा तो. खांद्यावरचा शालू झुलत होता. तेवढ्यात टांगेवाला वरून ओरडला, ‘‘अरे, दुल्हन की मूछां तो देखो! नाच बी रई!’’

असं हसू मी जन्मात ऐकलं नाही. ते कमानीत शिरलं, छतावर आपटलं, पारवे उडवून परत बाहेर आलं. सगळे हसले. मीही हसलो. तुम्ही त्या सगळ्या गर्दीत फक्त माझ्याकडं बघितलंत.

मग आत आलात. शालूची घडी केलीत, अगदी होती तशी. गादीवर ठेवलीत. आणि दुकानाच्या पायरीवर भिंतीकडं तोंड करून बसलात.

‘‘चला की, इवाई.’’

‘‘मी रुसलो,’’ तुम्ही म्हणालात. ताप आला म्हणावं, तितक्या साधेपणानं.

नवरदेवाच्या बापानं रुसायचं, आणि मुलीच्या बापानं शेला-नारळ देऊन, हात जोडून तो रुसवा काढायचा, ही आपली रीतच आहे. त्यात घाबरण्यासारखं काय? गाडीची वेळ झाली होती. मी मनात म्हटलं, मांडवात काढू. शालू नंतर जालन्याहून आणला, लग्न झालं, आणि मी शेला-नारळ घेऊन भर मांडवात तुमच्यापुढं वाकलो. वाकलो असा की बायका डोळ्याला पदर लावायला लागल्या. तुम्ही माझे हात धरलेत आणि शांतपणे म्हणालात, ‘‘पाव्हणं, रुसवा इथं न्हाई. तो बाजारात बसलाय, छताखाली, पायरीवर. आमच्या घरात रुसवा जिथं बसला तिथूनच उठवतात. चला हैदराबादला.’’

‘‘आन् तवर?’’

‘‘तवर लेक माहेरी येत न्हाई. खायाप्यायाला काही कमी पडणार न्हाई तिला.’’

मांडव हसला. मला वाटलं, आपल्या तोडीचा माणूस भेटला. वडीगोद्रीत जाऊन मी ही गोष्ट पारावर सांगितली, तुमच्या मिशीसकट, तुमच्या नाचासकट. पंचमी येईपर्यंत ती गोष्ट होती. पंचमीला मी मुराळी म्हणून, लेकीला न्यायला, गाडी घेऊन आष्टीला आलो, आणि तुम्ही मला पुरणपोळी वाढलीत, तुपाची वाटी वाढलीत, बैलांना कडबा टाकलात आणि रिकाम्या गाडीनं परत लावलंत.

मग दिवाळी. मग पुन्हा पंचमी. दर वेळी तेच तूप, तोच कडबा, तीच रिकामी गाडी. सारजा दाराआडून बघायची. तिची आई घरी दळलेलं पीठ काढून ठेवायची, लेक येईल म्हणून, आणि मी एकटा उतरताना दिसलो की ते डब्यात परत भरायची. हैदराबादला जायचं दर वर्षी ठरायचं. कधी पाऊस दगा द्यायचा, कधी पलेगानं गाव रानात जायचं, कधी तुमची गाय अडलेली. मी तुम्हाला काय काय शिव्या दिल्या, त्या सगळ्या तुमच्यापर्यंत पोचत होत्या. आमच्या गावचा बाजारकरी माणूस तुमच्याकडं येऊन माझी नक्कल करायचा म्हणे. तुम्ही त्याला चहा पाजायचात. माणसाला चिडवायची ही तुमची रीत.

आणि मग सारजाची आई गेली.

तेव्हा मात्र तुम्ही रुसवाबिसवा काही बघितला नाही, हे मान्य करतो. निरोप पोचताच गाडी जुंपलीत आणि स्वतः हाकत सारजाला घेऊन आलात. बैलांच्या तोंडाला फेस आला होता. पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाहीत. रुसलेल्यानं आत यायचं नसतं. सारजा घरात होती तितके दिवस तुम्ही आमच्या गोठ्याशेजारी, लिंबाखाली घोंगडीवर राहिलात. शेजारची म्हातारी तुम्हाला भाकर द्यायची. मी माझ्या बायकोच्या दुःखात होतो, तरी मला एक डोळा तुमच्याकडं ठेवावा लागत होता. असं कुणी करतं का? आत या, किंवा जा. लिंबाखाली बसून माणसाला उपकारात कशाला ठेवता?

त्यानंतर मी हट्टच धरला. म्हटलं, आता घर रिकामं झालंय, आता तरी रुसवा उठवा. तुम्ही टाळत होतात, पण मी जावयाला मध्ये घातलं, आणि शेवटी आपण तिघं पुन्हा त्या गाडीत बसलो. मी शेला घेतला होता, नारळ घेतला होता. पायरीवर उभं राहून काय बोलायचं ते भाषण परतूरपासून मनात घोळवत होतो. तुम्ही ह्या वेळी झोपला नाहीत. एकदाही ‘‘आलं का?’’ विचारलं नाहीत.

कमान सापडली. कमानीच्या पलीकडं आभाळ होतं.

सरकारनं रस्ता रुंद केला होता. छत गेलं होतं. एका बाजूची दुकानं गेली होती, दुसऱ्या बाजूला भिंतीतून छताचे दगडी दात तेवढे बाहेर आले होते. तो पांढऱ्या दाढीचा दुकानदार राहिलेल्या अर्ध्या दुकानात ताडपत्री बांधून बसला होता. ऊन सगळ्या कापडांवर पडलेलं. ‘‘सब उड गया, साब,’’ तो म्हणाला, ‘‘अब धूप इच धूप है.’’ ज्या पायरीवर तुम्ही बसला होतात, तिच्या जागेवरून टांगे जात होते.

तुम्ही खूप वेळ वर बघत उभे राहिलात. मग म्हणालात, ‘‘रुसवा छताखाली बसल्ता, पाव्हणं. छतच न्हाई, तर तो बी उठून गेला कुठं तरी. आता कुठं हुडकायचा त्याला?’’

मी काय नाही केलं! नारळ तिथंच रस्त्यावर फोडला. शेला तुमच्या गळ्यात टाकला, तुम्ही तो काढून घडी करून परत दिलात. मी ओरडलो. जावई मान खाली घालून उभा. आणि तुम्ही? तुम्ही निवांत चालत पलीकडच्या बांगड्यांच्या दुकानी गेलात आणि लाखेच्या बांगड्या बघायला लागलात. दुकानदारानं माप विचारलं. मी हात पुढं करून दाखवायला लागलो, एवढा, नाही, एवढा. मला लेकीच्या मनगटाचं माप सांगता येईना. तुम्ही धोतराच्या सोग्याला मारलेली गाठ सोडलीत आणि तिची जुनी बांगडी काढून दिलीत. घरून बांधून आणली होतीत.

त्या क्षणी मला तुमचा जेवढा राग आला, तेवढा आमच्या अकबऱ्या बैलानं मला शिंगावर घेतलं तेव्हा त्या बैलाचाही आला नव्हता.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. मी मुराळी म्हणून यायचं बंद केलं. आणि मग निरोप आला की तुम्ही गेलात.

तर दहाव्याचं सगळं आटोपलं. पानं उठली. मी ओसरीवर उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, ‘‘चल गं सारजा, आवर. गाडी जुंपायला सांगितलीय. रुसणारा गेला, त्याच्यासंगं रुसवा बी गेला.’’

जावई म्हणाला, ‘‘न्या, दादा. माझी काही ना न्हाई.’’

सारजा बाहेर आली. हातातल्या परातीचं खरकटं तसंच. मला मागं आडाजवळ घेऊन गेली. अशी तरातरा चालली की मला वाटलं, आईच चाललीय पुढं.

‘‘दादा, मामंजींना रुसणारा म्हणू नका.’’

‘‘मंग काय आरती करू त्याची?’’

‘‘मीच सांगितल्तं त्यांना, मला धाडू नका म्हणून.’’

मी हसलो. मला वाटलं, तुमच्या घरात राहून पोरगी थट्टा शिकली.

‘‘आई गेली तवा आल्ते ना मी,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही अंगणात बसून समद्या गावाला आईच्या गोष्टी सांगून राह्यल्ते. ती भाकर कशी थापायची, तुमच्यावर कशी खेकसायची. लई चांगलं सांगत होता. लोक रडायचे, मंग हसायचे. मी आत चुलीपाशी जाऊन बसले, तर तिथं बी तुमचाच आवाज. माजघरात गेले, तिथं बी. तुम्ही बोलून बोलून घर भरून टाकता, दादा. मला तिच्यासाठी रडायला जागाच राह्यली न्हाई.’’

‘‘मंग मला सांगायचं.’’

‘‘कवा सांगू? तुम्ही कवा थांबता?’’ तिनं परात आडाच्या कडेवर ठेवली. ‘‘आन् येत न्हाई, असं बापाला तोंडावर म्हणायचं जिवावर आलं. परत येताना गाडीत मामंजींना म्हणले. त्यांनी कासरा वढून बैल थांबवले. मंग म्हणले, तू कशाला वाईट हुतीस, पोरी? मी आयता रुसलेला हाय.’’

आयता रुसलेला!

इवाई, एका टांगेवाल्याचं एक हसणं तुम्हाला सोसलं नाही, त्यावरून तुम्ही जग इकडचं तिकडं केलंत. आणि पुढं माझ्या गावानं वर्षानुवर्षं तुमच्या मिशीवर हसावं म्हणून तुम्ही स्वतःला खुशाल मांडून ठेवलंत? हैदराबादपर्यंत माझ्यासोबत आलात, मनात हे घेऊन? छत जागेवर असतं तर काय केलं असतंत? पायरी ही नव्हे म्हणाला असतात? रुसवा काढून घेतला असतात आणि दुसऱ्या कशावर तरी रुसला असतात? रस्त्यावर मी नारळ फोडत होतो तेव्हा तुम्हाला माझी कीव येत होती का? आली असेल तर ती मी परत करतो. मला नको आहे. मला माझा वैरी परत पाहिजे. तुमच्यावर रागावत रागावत मी बायकोशिवायची सगळी वर्षं काढली, हे तुम्हाला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तुम्ही मला ती काढू दिलीत. आणि आता ह्या वयात, दहाव्याच्या दिवशी, आडाच्या काठावर तुम्ही मला तुमचा ऋणी करून ठेवलंत, आणि मला उलट बोलायला तुम्ही जागेवर नाही. हा हलकटपणा आहे, इवाई. दुसरा शब्द नाही माझ्याकडं.

सारजा माझ्याकडं बघत होती. मी आता काय बोलणार, याची वाट बघत असावी. माझ्या तोंडाशी खूप काही आलं. एक थट्टा आली, एक शिवी आली, तिच्या आईची एक आठवणही आली, चांगली, रंगवून सांगण्यासारखी. मी आडाच्या कडेवर बसलो आणि ते सगळं गिळलं. ती माझ्याशेजारी बसली. थोड्या वेळानं ती तोंडाला पदर लावून रडायला लागली. तुमच्यासाठी असेल म्हणून मी बघत राहिलो. मग मध्येच ती ‘‘आई’’ म्हणाली.

ओसरीवरून कुणी तरी हाक मारली, बैल सोडायचे का जुंपलेले ठेवायचे म्हणून. मी हातानंच सांगितलं, सोडा.

इवाई, माझी बडबड लिंबाखाली तुम्हाला ऐकू येत होती, तेव्हाच सांगायचं होतं मला. लिंबाखाली बसून राहण्याऐवजी एकदा आत येऊन, माझ्या तोंडावर हात ठेवून सांगायचं होतं. मी गप्प बसलो असतो.